मोबाइलचे कुंपण आणि घरची राखण



या पानावर आपण एरवी भातावरचा करपा, उसाची लागण, गुरांना लाळ्या-खुरकुताची लस, बाळंतिणीचा आहार असे विषय वाचता. या वेळी विषय मोबाइलचा आहे. तो मुलांच्या आरोग्याचा आहे म्हणून या पानावर घेतला, आणि राखणीचाही आहे. राखण म्हणजे काय हे शेतकऱ्याला धर्मगुरूने शिकवावे असे नाही. तरी या एका बाबतीत आपण सगळेच, मला धरून, थोडे झोपेत आहोत असे दिसले म्हणून लिहितो.

गेल्या पावसाळ्यात एका घरी गेलो होतो. भाताची लावणी नुकतीच आटोपली होती. घरधनी ओट्यावर बसून मोबाइल पाहत होते; अंगठा एकसारखा वर सरकत होता. मला पाहून उठले, आत पाणी सांगितले, आणि बसता बसता म्हणाले, "फादर, सरकार हे सगळं बंद का नाही करत? आमची पोरं पार वाया चालली." एवढे बोलेपर्यंत अंगठा पुन्हा सुरू झाला होता.

मला हसू आले नाही, कारण त्याच आठवड्यात मी स्वतः याहून बरे काही केले नव्हते. धर्मग्राम परिषदेची सभा चालू असताना एका भगिनीचे चार वर्षांचे बाळ रडू लागले. सभा मोडू नये म्हणून मी माझा फोन त्याच्या हातात दिला. लावून दिले होते ते कोंबडीच्या पिल्लांचे गाणे. पंधरा मिनिटांनी फोन परत घेतला तेव्हा पडद्यावर एक माणूस दुसऱ्याच्या कपाळाला पिस्तूल लावून उभा होता. बाळाने काहीही शोधले नव्हते. एकामागून एक चित्र आपोआप लागत गेले, आणि ते बाळ डोळे न मिटता पाहत राहिले. सभेत सगळ्यांना बरे वाटले होते, बाळ कसे शांत बसले म्हणून.

तेव्हा त्या घरधन्यांचा प्रश्न खोटा नाही. मुले काय पाहतात यावर लक्ष ठेवण्याचे काम कोणाचे? सरकारचे की आईबापाचे? सरकारने बंद करावे असे म्हणणे सोपे आहे. पण सरकार बंद करते तेव्हा नेमके काय होते, हे आपण सुरतवाल्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

२५ ऑगस्ट २०१५ रोजी अहमदाबादेत पाटीदार आरक्षणाची मोठी सभा झाली. त्या रात्री दंगे उसळले, सुरतेतही जाळपोळ झाली, आणि अफवा पसरू नयेत म्हणून राज्यात मोबाइलवरचे इंटरनेट बंद करण्यात आले. आपल्याकडे ते बरेच दिवस बंद होते. पुढे १९ सप्टेंबरला हार्दिक पटेल यांना सुरतेतच ताब्यात घेतले, तेव्हा ते पुन्हा बंद झाले. दंगा शमावा हा हेतू कोणी वाईट म्हणणार नाही. परंतु बंद झाले ते कोणाचे? साडीचे नमुने फोटोने पाठवणाऱ्या व्यापाऱ्याचे, गावाकडे आजारी आईची खबर विचारणाऱ्या कारखान्यातल्या कामगाराचे, बाजारभाव पाहणाऱ्या शेतकऱ्याचे, आणि अफवा पसरवणाऱ्याचेही. सगळे एकाच दोरीने बांधले. ज्यांच्या घरी तारेचे इंटरनेट होते त्यांचे चालूच राहिले. म्हणजे बंदी मुख्यतः गरिबाच्या खिशाला लागली. शिवाय हुकूम गुजरातपुरता. आपल्यापैकी ताप्ती लाइनने जा-ये करणाऱ्यांना नवापूरचे स्टेशन ठाऊक आहे. अर्धे गुजरातेत, अर्धे महाराष्ट्रात. राज्याची हद्द तिथे फलाटावरूनच जाते, आणि हुकूमही तिथेच संपत होता.

या बंदीविरुद्ध एक अर्ज गुजरात उच्च न्यायालयात गेला होता. १५ सप्टेंबर २०१५ रोजी तो फेटाळला गेला, आणि त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली असे करता येते असे ठरले. पुढच्या वर्षी २८ फेब्रुवारीला तलाठी भरतीची परीक्षा होती. त्यात कॉपी होऊ नये म्हणून सकाळी चार तास राज्यभर मोबाइल इंटरनेट बंद ठेवले. विचार करा, परीक्षार्थी वर्गात बसलेले, आणि त्यांच्यावर नजर ठेवायची म्हणून साऱ्या गुजरातचे फोन मुके. वर्गात पर्यवेक्षक कशाला असतो मग?

मुलांच्या बाबतीत तर आणखी जवळचे उदाहरण आहे. पबजी नावाचा बंदुकांचा खेळ आठवत असेल. जानेवारी २०१९ मध्ये गुजरातच्या प्राथमिक शिक्षण खात्याने शाळांसाठी परिपत्रक काढले की मुलांना या खेळापासून दूर ठेवावे. मार्चमध्ये राजकोटच्या पोलीस आयुक्तांनी तो खेळण्यावरच बंदी घातली, आणि काही दिवसांत कॉलेजच्या मुलांसह दहा जणांना त्यावरून अटकही झाली. मोबाइलवर खेळ खेळला म्हणून पोलीस चौकी! त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयातही या खेळावर बंदी मागणारा अर्ज एका शाळकरी मुलाच्या नावाने आला होता. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने देशभर तो खेळ बंद केला, पण मुलांच्या भल्यासाठी नव्हे. चीनशी तंटा चालू होता आणि ११८ अ‍ॅप एकदम बंद केली, त्यात हा गेला. २ जुलै २०२१ ला तोच खेळ दुसऱ्या नावाने भारतात आला. जुलै २०२२ मध्ये पुन्हा बंद झाला. मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू. या सगळ्या उघडझापीत ज्या मुलाचा बाप संध्याकाळी त्याच्याबरोबर बसत होता त्याचे काही बिघडले नाही, आणि ज्याचे कोणी विचारपूस करणारे नव्हते त्याने बंदीच्या दिवसांत दुसरा बंदुकांचा खेळ उतरवून घेतला. ते खेळ डझनावारी आहेत.

नव्या खेळात अठरा वर्षांखालील मुलाला दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. ऐकायला चांगले वाटते. पण वय कोण सांगतो? मूलच सांगते. जन्मसाल १९९५ लिहिले की मुलगा एका क्षणात बापाएवढा होतो.

अश्लील चित्रांचेही असेच. जुलै २०१५ च्या अखेरीस केंद्राच्या दूरसंचार खात्याने ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा हुकूम काढला आणि चार-पाच दिवसांत तो सैल केला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ संकेतस्थळे पुन्हा बंद झाली. त्यांतली काही नावात एखादे अक्षर बदलून परत उभी राहिली. व्हीपीएन नावाची अ‍ॅप असतात. त्यांतून गेले की फोन परदेशातून बोलत असल्यासारखा दिसतो, आणि इथली बंदी त्याला लागत नाही. हे मी सांगतो म्हणून नवे वाटेल, पण नववीतल्या मुलांना विचारा.

आपल्या शेतात रानडुकरांसाठी तार ओढतो, झटका मशीन लावतो. लावावेच. पण मशीन लावून जो घरी निर्धास्त झोपला त्याच्या उसाचे काय होते हे तुम्हीच मला सांगितले आहे. डुक्कर तारेखालून माती उकरते. पावसात गवत वाढून तारेला टेकते आणि झटका जमिनीत उतरून जातो. तार लावल्यावरही रात्री कोणीतरी बॅटरी घेऊन एक फेरी मारावी लागते. सरकारची बंदी ही तार आहे. तिची निंदा मला करायची नाही. रात्रीची फेरी कोण मारतो एवढेच मला विचारायचे आहे.

आणि बंदीचा अनुभव केवळ सरकारलाच आहे असे नव्हे. आपल्या धर्मसभेला तो चारशे वर्षांचा आहे. १५५९ मध्ये रोमने निषिद्ध पुस्तकांची यादी काढली. कॅथलिकांनी कोणती पुस्तके वाचू नयेत ते त्यात छापलेले असे. शेवटची आवृत्ती १९४८ ची. सेमिनरीत आम्हांला हा इतिहास शिकवला तेव्हा आम्ही मुलांनी सर्वांत आधी काय विचारले असेल? "त्यात कोणती पुस्तके होती?" पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी समाजसंपर्काच्या माध्यमांवर एक हुकूमनामा काढला. तरुणांचे रक्षण करणे हे राज्यसत्तेचेही कर्तव्य आहे असे त्यात आहे. पण अपायकारक गोष्टी घरात शिरू नयेत यासाठी डोळ्यांत तेल घालून राहण्याची गंभीर जबाबदारी आईबापांवर असल्याचे त्याने बजावले. तेव्हा घरोघरी रेडिओ-सिनेमाची चर्चा होती, इंटरनेट कोणाच्या स्वप्नातही नव्हते. आणि तीनच वर्षांनी, १९६६ साली, निषिद्ध पुस्तकांची ती यादी रोमने स्वतःच रद्द केली.

गावोगावच्या पंचांचे निराळेच. फेब्रुवारी २०१६ मध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज या गावाने अविवाहित मुलींनी मोबाइल बाळगू नये असे ठरवले. बाळगल्यास २,१०० रुपये दंड. जुलै २०१९ मध्ये बनासकांठ्यात दांतीवाडा तालुक्यातल्या काही गावांच्या ठाकोर समाजाने असाच नियम केला. मुलगे खुशाल पाहोत. हे राखण करणे नव्हे, हा मुलींवरचा अविश्वास आहे. आपल्या घरांतही हे सूक्ष्मपणे चालते: मुलाला दहावीत फोन, मुलीला लग्नानंतर. ज्या मुलीने फोन कधी हाताळला नाही तिला पहिल्याच महिन्यात कोणी फसवले तर दोष कोणाचा?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्यासाठी एक घडलेली गोष्ट सांगतो. ही मला पापनिवेदनाच्या वेळी कळलेली नाही, ओट्यावर बसून त्या घरच्या आजीने सांगितली, आणि इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून नाव-गाव न घेता लिहावयास घरच्यांची परवानगी घेतली आहे.

मुलगा बारा वर्षांचा. अभ्यासात बरा, शेतावर बापाबरोबर जाणारा. एकाएकी त्याचे वागणे पालटले. दिवस मावळल्यावर विहिरीकडे जाईना. रात्री उठून बसू लागला, दोन-तीनदा अंथरूण ओले केले. जेवण तुटले. घरच्यांनी आधी जंताचे औषध दिले. मग डॉक्टरकडे नेले, त्यांनी रक्त तपासले, काही निघाले नाही. मग (आपण ख्रिस्ती झालो तरी काही सवयी सुटत नाहीत) कोणीतरी मीठ-मोहरी ओवाळून टाकली. बापाने एकदा चिडून मारलेही. तीन आठवडे हे चालले.

एके रात्री आजीजवळ झोपला असता अंधारात तो बोलला. वर्गातल्या मुलांच्या ग्रुपवर कोणीतरी एक चित्रफीत पाठवली होती. एका माणसाला खरोखर मारत होते, शेवटपर्यंत. त्याने ती उघडली तेव्हा काय आहे हे त्याला ठाऊक नव्हते. आणि एकदा पाहिल्यावर ती डोळ्यांसमोरून जाईना. विहिरीकडची वाट चित्रफितीतल्या जागेसारखी दिसते, एवढेच त्याचे कारण होते.

आजीने विचारले, "अरे राजा, मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

म्हणाला, "पप्पा म्हणाले होते ना, फोनवर काही वाईट दिसलं तर फोन फोडून टाकीन आणि तुला पण."

बापाने हे वाक्य म्हटले होते हे खरे. वाईट हेतूने नव्हे. आपण सगळेच असे म्हणतो. त्याला वाटले, धाक घातला म्हणजे पोरगा वाईट पाहणार नाही. पण वाईट हे मुलाने शोधावे लागत नाही, ते चालून येते. धाकामुळे पाहणे थांबले नाही, सांगणे मात्र थांबले. तीन आठवडे ते मूल एकटेच त्या मेलेल्या माणसाबरोबर राहत होते, आणि घरात पाच मोठी माणसे होती.

सरकारी बंदी फसते ती पुष्कळदा वाट चुकवणाऱ्यांमुळे. घरातली नुसती बंदी फसते ती या कारणाने, आणि हे अधिक घातक आहे. मुलाने जे पाहिले ते त्याला कोणाजवळ तरी टाकता आले पाहिजे. त्या मुलाला पुढे काही विशेष औषध लागले नाही. बाप चार दिवस संध्याकाळी त्याचा हात धरून विहिरीपर्यंत गेला. पहिल्या दिवशी बापही काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मी बी असं पाहिलं असतं तर मला बी झोप आली नसती." झोप हळूहळू परत आली. (सगळ्यांचे असे सहज निभावत नाही. महिनाभरात फरक नसेल, मूल स्वतःला इजा करण्याची भाषा बोलत असेल, तर वाट पाहू नका, मानसोपचार तज्ज्ञाकडे न्या. सुरतेत सरकारी इस्पितळातही ते असतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही.)

म्हणून माझी पहिली विनंती: मूल काही सांगत असताना फोन हिसकावू नका. रागवायचे असेल तर दुसऱ्या दिवशी रागवा. जेवलास का हे जसे रोज विचारता, तसे आज फोनमध्ये काय पाहिलंस हेही विचारा, आणि उत्तर ऐका. कित्येक आया मला म्हणतात, "फादर, मी अडाणी, मला त्यातलं काय कळतं?" बाई, कळावे लागत नाही. शेजारी बसा आणि म्हणा, मला दाखव, मला समजावून सांग. शिकवणारे मूल लपवणारे राहत नाही. शिवाय आईच्या शेजारी बसून मूल काय पाहते आणि काय झटकन पुढे सरकवते, एवढे पाहिले तरी अर्धी माहिती मिळते.

दुसरी गोष्ट आपल्या घरांची खास आहे. शहरातल्या बंगल्यात मुलाचा फोन निराळा असतो. आपल्याकडे बहुधा एकच फोन, बापाचा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाइलवर आला, तेव्हापासून तो मुलाच्या हातात गेला तो तिथेच राहिला. आता त्या फोनला काय ठाऊक, की सकाळी हातात धरणारा दहा वर्षांचा आहे? तो सगळ्यांना पंचेचाळिशीचाच समजतो. रात्री मोठ्या माणसाने जे पाहिले, जिथे अंगठा थोडा अधिक थांबला, त्याच जातीचे आणखी सकाळी पुढे येते. म्हणजे बापाचे रात्रीचे पाहणे मुलाच्या सकाळच्या ताटात वाढले जाते. हे ज्याला पटणार नाही त्याने एकदा आपला फोन घेऊन, काही न शोधता, पाच मिनिटे काय काय येते ते आपल्या आईशेजारी बसून पाहावे.

यावर उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. यूट्यूबमध्ये एकामागून एक आपोआप लागण्याची सोय बंद करता येते. रिस्ट्रिक्टेड मोड चालू करता येतो. लहानांसाठी यूट्यूब किड्स निराळे आहे. गुगलचे फॅमिली लिंक नावाचे अ‍ॅप आहे. मुलाचा फोन वेगळा असल्यास त्याला किती वेळ, कोणती अ‍ॅप, रात्री किती वाजता बंद, हे बापाच्या फोनवरून ठरवता येते. नवे अ‍ॅप उतरवताना पासवर्ड लागेल असे करता येते, आणि पैसे देण्याचा पिन मुलाला सांगू नये हे तर सांगणे नलगे. यातले काही जमत नसेल तर रविवारी मिस्सानंतर फोन घेऊन या. आपल्या युवक मंडळातली मुले पाच मिनिटांत करून देतील. पण ही सगळीही तारच आहे, हे विसरू नका. धूर्त मूल तीतून निघते.

वेळेचे म्हणाल तर भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे: दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा मुळीच नको, फार तर दूरच्या आजी-आजोबांशी कधीमधी बोलण्यापुरता. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको. पाच ते दहा वर्षांच्या मुलाला दोन तासांच्या आत. बाळाला भरवताना फोन पुढे धरण्याची चाल आपल्या गावांतही आली आहे. त्याने बाळ खाते खरे, पण भूक कधी भागली हे त्याला कळत नाही. डोळ्यांसाठी उघड्यावरचा उजेड चांगला. जी मुले दिवसाचा पुष्कळ वेळ बाहेर असतात त्यांना लांबचे अंधुक दिसण्याचा विकार कमी होतो, असे ठिकठिकाणच्या तपासण्यांत आढळले आहे. आपल्या मुलांना शेत आहे. ते सोडून त्यांना खोलीत फोनजवळ बसवणे म्हणजे घरचे दूध विकून पावडर आणण्यासारखे आहे.

आता, एकट्या घराने हे निभत नाही हेही खरे. आपल्या मुलाला आठ वाजता फोन ठेव म्हटले की तो म्हणतो, शेजारचा तर दहापर्यंत पाहतो. याला सांगली जिल्ह्यातल्या एका गावाने जी तोड काढली ती मला फार आवडली. कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्याच्या पंच्याहत्तरीच्या दिवसांत, तिथल्या ग्रामसभेने ठरवले की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल, आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. मुलांनी अभ्यास करावा, वाचावे, घरच्यांशी बोलावे. पुढाकार सरपंच विजय मोहिते यांचा, आणि बायाबापड्यांचा पाठिंबा. सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडीताई, निवृत्त मंडळी घरोघर फिरून आठवण करून देत. यातली खरी खुबी भोंग्यात नाही. तो वाजल्यावर बापालाही आपला फोन ठेवावा लागतो, ही खुबी आहे. मुलांवर बंदी घालून मोठ्यांनी खुशाल पाहत बसावे, असे त्या गावाने केले नाही. त्याच साली नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बांशी गावाच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलच नको असे ठरवले. हेतू तोच, पण मला वडगावची वाट अधिक टिकाऊ वाटते, कारण तिच्यात मुलाबरोबर मोठे माणूस बसते.

आपल्यातही ज्या घरांत संध्याकाळी जपमाळ होते त्यांच्याकडे ही वेळ आयतीच आहे. नंतर अर्धा तास फोन तसेच फळीवर राहू दिले तर वडगावचा भोंगा आणावयास नको. चार घरांनी मिळून एक वेळ धरली तर शेजारचा तर पाहतो ही सबब जाते. ऊसतोडीच्या दिवसांत कारखान्याचा फोन येतो, तो उचलावा लागतो, हे मला कळते. तेवढ्यासाठी घंटी मोठी ठेवा आणि फोन उठून घ्या, बोला, परत फळीवर ठेवा. मुले पाहत असतात.

मग सरकारने काहीच करू नये काय? तसे नव्हे. काही कामे आईबापाच्या हातची नाहीत. कंपनीने आपल्या मुलाची माहिती विकू नये, त्याला गुंतवून ठेवण्यासाठी सापळे लावू नयेत, हे एकटा शेतकरी कसे थांबवणार? ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांची खाती ठेवण्यास समाजमाध्यमांच्या कंपन्यांना मनाई केली आहे. नियम मोडल्यास दंड कंपनीला, मुलाला किंवा बापाला नाही. ही दिशा मला बरी वाटते, फळ काय येते ते पाहावे लागेल. आपल्याकडे २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यास आईबापाची खरी संमती आवश्यक ठरवली आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण ही कलमे अमलात येण्यास दीड वर्षाची मुदत दिली आहे. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ बंद केले, ते तर फार आधी व्हावयास हवे होते. उसाचे पैसे बँकेत आले आणि मुलाने दोन रात्रींत घालवले, असे एक घर मला ठाऊक आहे.

आणि एका गोष्टीत कायदा कडक आहे, तो माहीत असू द्या. लहान मुलांची अश्लील चित्रे बनवणे, पाठवणे, पाहणे, जवळ ठेवणे हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ ब आणि २०१२ चा पॉक्सो कायदा त्यासाठी आहेत. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जवळ ठेवणेही गुन्हा ठरू शकते असे स्पष्ट केले. तेव्हा असे काही तुमच्या ग्रुपवर आले तर "बघा काय चाललंय" म्हणून पुढे पाठवू नका. संतापाने पाठवलेलेही पाठवलेलेच धरले जाते. कोणी पाठवले, कोणत्या नंबरवरून, किती वाजता, हे कागदावर लिहून घ्या आणि पोलिसांकडे जा.

आपल्या मुलीला किंवा मुलाला कोणी फोटो मागत असेल, फोटो पसरवण्याची धमकी देत असेल, पैसे मागत असेल, तर पैसे देऊ नका आणि मुलाला मारू नका. धमकीचे संदेश पुसू नका. तोच पुरावा असतो. मुलांसाठीचा मदतीचा नंबर १०९८, दिवसरात्र चालू, फुकट. पैशांची फसवणूक झाली असल्यास १९३०, आणि तो जितक्या लवकर फिरवाल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता अधिक, म्हणून सकाळची वाट पाहू नका. हे दोन्ही नंबर घरातल्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, मुलांना दिसतील असे. फोन लावावयास भीती वाटत असेल तर माझ्याकडे या, आपण मिळून लावू. रात्री दार वाजवलेत तरी चालेल.